लांगदोकच्या मातीचं कौतुक पुरे, दारावरची यादी वाचा



द्राक्षाच्या कोणत्याही परिसंवादाला जा, जेवणाच्या आधीच्या सत्रात एक वक्ता हमखास असतो. पडद्यावर फ्रान्समधल्या एका हवेलीचा फोटो, पुढे वेलींच्या सरळ ओळी. आणि मग ते वाक्य: “तिकडचा शेतकरी द्राक्ष विकत नाही, माती विकतो. मातीला नाव द्या, दर मागून येईल.” टाळ्या पडतात. आपण माना डोलावतो आणि पंगतीला बसतो.

मी या भाषणाच्या विरोधात लिहितोय. फ्रान्समध्ये द्राक्षाचं क्षेत्र ज्या भागात सगळ्यात जास्त, त्या भागाची गोष्ट बरोबर याच्या उलटी आहे, आणि ती आपल्याला कोणी सांगत नाही. त्या भागाचं नाव लांगदोक. मला फ्रेंच येत नाही, दहावीपर्यंतचं इंग्रजी जेमतेम. पण मुलगी मोबाईलवर मजकूर मराठी करून देते, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत मी या एकाच भागाबद्दल मिळेल ते वाचलं. वाइन मी घेत नाही. त्यामुळे चवीबद्दल जे लिहीन ते ऐकीव समजा. वेलीबद्दल जे लिहीन त्यावर मात्र वाद घाला.

आधी जागा समजून घ्या. फ्रान्सच्या दक्षिणेला भूमध्य समुद्राच्या काठाने, ऱ्होन नदीच्या मुखापासून स्पेनच्या बाजूला गेलेला हा पट्टा. उन्हाळा कडक आणि कोरडा. त्रामोंतान नावाचा वायव्येचा वारा सुटला की पानं खडखडीत वाळतात, त्यामुळे बुरशीचा त्रास देशाच्या इतर भागांपेक्षा कमी. समुद्राकडे गाळाची सपाट, सुपीक रानं. मागे डोंगर, त्यावर चुनखडी किंवा पाटीसारखा थराथराचा दगड, आणि दगडांतून उगवलेली थाइम, रोझमेरीची वासाची झुडपं. या झुडपी माळाला ते गारिग म्हणतात. जुन्या पद्धतीत मांडव नाही, तार नाही, वेल बुटक्या झुडपासारखी मोकळी उभी. द्राक्ष इथे रोमन काळापासून आहे. नारबॉन हे शहर रोमनांनी इसवीसनापूर्वी ११८ मध्ये वसवलं. म्हणजे माती जुनी, वेल जुनी, हवा उत्तम. भाषणवाल्याच्या हिशोबाने या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच श्रीमंत व्हायला हवं होतं.

झालं काय ते बघा. रेल्वे येईपर्यंत सपाटीवर गहू आणि डोंगरउतारावर वेल आणि ऑलिव्ह अशी वाटणी होती. पातळ वाइन दूर जाईपर्यंत टिकत नसे, म्हणून बरीचशी गाळून ब्रँडी करायची आणि सेत बंदरातून बाहेर पाठवायची. १८५० नंतरच्या दशकात रेल्वेने हा भाग पॅरिसला जोडला. उत्तरेत खाणी आणि गिरण्या वाढत होत्या, तिथल्या कामगाराला रोज स्वस्त लाल वाइन हवी होती. डबेच्या डबे भरून माल जाऊ लागला. दर बरा, उठाव पक्का. मग डोंगरावरची वेल खाली सपाटीवर उतरली. गहू गेला.

सपाटीवर लावलं काय, तर आरामों. ही जात आपल्यापैकी कोणालाही पहिल्या नजरेत आवडली असती. गाळाच्या रानात हेक्टरी ४०० हेक्टोलिटरपर्यंत जायची. एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर. १०० लिटरला साधारण १३० किलो द्राक्ष धरा, हिशोब एकरी वीस टनांच्या वर जातो. वाइन मात्र पाणचट आणि रंगाला इतकी फिकी, की तिला लाल म्हणावं म्हणून दुसरी गडद वाइन मिसळावी लागे. त्याच भागात बुशे नावाच्या बापलेकांनी गरसुद्धा लाल असलेल्या जाती तयार केल्या, त्या रंग भरायला कामाला आल्या. म्हणजे उताऱ्याला एक वेल, रंगाला दुसरी वेल. चवीचं कोणी विचारत नव्हतं आणि गिऱ्हाईकही मागत नव्हतं.

मध्येच फिलोक्सेरा आला. मुळीवरची ही किडी अमेरिकेतून आली आणि १८६३ च्या सुमारास याच भागातल्या पुजो गावाजवळ वेली वाळताना पहिल्यांदा दिसल्या. कारण सापडायला पाच वर्षं लागली. १८६८ मध्ये माँपेलिएच्या प्लांशों या वनस्पतीच्या प्राध्यापकाने जिवंत वेलीची मुळं उकरून ती किडी दाखवली. तोवर सगळे मेलेल्या वेली उकरत होते, आणि किडी वेल मरण्याआधीच पुढच्या झाडाकडे गेलेली असे. सरकारने उपायाला तीन लाख फ्रँकचं बक्षीस लावलं, ते कोणालाच मिळालं नाही. जमिनीत औषध टोचून झालं, हिवाळ्यात रानं पाण्याखाली बुडवून झाली. शेवटी अमेरिकन खुंटावर युरोपची वेल भरणं हाच मार्ग राहिला. चुनखडीत तगणाऱ्या खुंटाच्या शोधात माँपेलिएचा व्हियाला हा शास्त्रज्ञ १८८७ मध्ये अमेरिकेत गेला आणि टेक्सासच्या मन्सन या जाणकाराने त्याला मदत केली. आपण ज्याच्यावर डोळे भरतो तो डॉगरिजसुद्धा मूळ टेक्सासचाच. आपल्याकडे तो क्षारासाठी आणि पाण्याच्या ताणासाठी आला, त्यांच्याकडे खुंट आले किडीसाठी. पण खुंटावर कलम ही गोष्ट जगाला शिकवण्यात लांगदोकचा वाटा मोठा आहे. या एका कामासाठी त्यांना माझा नमस्कार.

फिलोक्सेराने फ्रान्सचं उत्पादन १८७५ च्या सुमारे ८४० लाख हेक्टोलिटरवरून १८८९ मध्ये अडीचशे लाखांच्या आत आणलं. पिणारे तेवढेच राहिले. मग ती पोकळी कोणी भरली? बाहेरून आणलेले बेदाणे भिजवून त्याची वाइन. चोथ्यावर पाणी आणि साखर टाकून दुसऱ्या, तिसऱ्या हाताची वाइन. आणि अल्जेरियाची वाइन, जी तेव्हा फ्रान्सच्याच ताब्यातली जमीन होती. तिकडे वेली लावणाऱ्यांत फिलोक्सेराने उठलेले लांगदोकचेच भाऊबंद होते, हे विसरू नका.

इकडे कलमं धरली, बागा पुन्हा उभ्या राहिल्या. आणि राहिल्या कुठे, तर पुन्हा सपाटीवर, पुन्हा आरामों. डोंगरावरच्या कितीतरी जागा तशाच सोडून दिल्या. माल पूर्ववत आला, पण मधल्या काळात शिरलेली नकली वाइन काही बाहेर गेली नाही. १९०३ मध्ये सरकारने साखरेवरचा कर बराच उतरवला. ही साखर उत्तरेतल्या बीटची. म्हणजे उत्तरेचा शेतकरी बीट पिकवणार, त्याची साखर दक्षिणेच्या शेतकऱ्याच्या वाइनची जागा खाणार, आणि दोघांच्या मधला व्यापारी दोन्हीकडून कमावणार. १९०७ पर्यंत अशी वेळ आली, की तळघरात वाइन पडून आणि कोणी विचारायला येईना.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए गावातले ८७ शेतकरी वीसेक किलोमीटर चालत नारबॉनला गेले, कारण तिथे पार्लमेंटची चौकशी समिती आली होती. पुढे मार्सेलँ आल्बेर नावाचा माणूस. थोडी द्राक्षं, गावात एक कॅफे, एवढीच त्याची मिळकत. समितीने ऐकून घेतलं. त्यानंतर दर रविवारी सभा सुरू झाल्या. आधी गावोगाव, मग मे महिन्यात नारबॉन, बेझिए, पर्पिन्याँ, कार्कासोन, मग नीम. दर रविवारी आकडा वाढत गेला. ९ जूनला माँपेलिएत पाच लाखांपासून आठ लाखांपर्यंत माणूस होता असं सांगतात, आणि त्या शहराची स्वतःची वस्ती लाखाच्या आत होती. बायका, पोरं, मजूर, जमीनदार, सगळे. मागणी कर्जमाफीची नव्हती, हमीभावाची नव्हती. मागणी एकच, नकली वाइन बंद करा.

नारबॉनचा महापौर फेरूल याने सरकारला मुदत दिली. मुदत संपली तशी शेकडो गावांच्या नगरपालिकांनी राजीनामे दिले, कर भरणं थांबलं. पंतप्रधान क्लेमाँसोने फौज पाठवली. १९ जूनला फेरूलला उचललं. १९ आणि २० जूनला नारबॉनमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली, त्यात वीस वर्षांची एक मुलगी होती. बेझिएची सतरावी पायदळ पलटण सरकारने आधीच आग्दला हलवली होती, कारण त्यात याच भागातली पोरं. गोळीबाराची बातमी कळताच त्यातले सुमारे पाचशे जवान बंदुकांसह चालत बेझिएला परत आले. नंतर त्यांना ट्युनिशियातल्या गाफ्साला धाडलं.

आल्बेर लपतछपत पॅरिसला जाऊन क्लेमाँसोला भेटला. क्लेमाँसोने त्याला परतीच्या रेल्वेसाठी शंभर फ्रँकची नोट दिली आणि ती हकीकत पत्रकारांना सांगितली. झालं. शंभर फ्रँकला विकला गेला म्हणून गावाकडे त्याची छी थू झाली. पुढाऱ्याला असं संपवायची विद्या कुठल्याच देशाला नवीन नाही, मी जास्त लिहीत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं तिथे येतो.

२९ जून १९०७ ला कायदा झाला. वाइनमध्ये पाणी घालणं आणि साखरेचा गैरवापर यावर बंदी, वाइनसाठीच्या साखरेवर जादा कर. आणि पहिल्याच कलमात असं, की प्रत्येक उत्पादकाने काढणीनंतर आपल्या गावच्या नगरपालिकेत लिहून द्यायचं: फळावरचं क्षेत्र किती, या वर्षी वाइन किती झाली, आणि मागची शिल्लक किती. ही नावनिशीवार यादी नगरपालिकेच्या दारावर लावायची. बंद पाकिटात नाही, तलाठ्याच्या कपाटात नाही, दारावर. ज्याची दोन हेक्टर बाग आहे त्याने हजार हेक्टोलिटर विकले तर ते शेजाऱ्याला वाचता आलं पाहिजे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेतकऱ्यांनी आपला महासंघ काढला, अध्यक्ष फेरूल. त्या संघाने स्वतःच्या वर्गणीतून तपासनीस नेमले आणि भेसळवाल्यांना कोर्टात खेचलं. सरकार करेल म्हणून बसले नाहीत. याच भागातल्या मारोसाँ गावात त्याआधी, १९०१ मध्ये, छोट्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना थेट वाइन द्यायला सुरुवात केली होती.

मातीच्या नावाने दर मिळतो म्हणणाऱ्यांना माझा पहिला सवाल हा. या यादीच्या आधी लांगदोकच्या मातीला कोणी नाव दिलं असतं, तर ते नाव कशावर छापलं गेलं असतं? बेदाण्याच्या पाण्यावर. फ्रान्समध्ये मूळ स्थानाची नावं सांभाळणारी संस्था निघाली १९३५ मध्ये. नारबॉनच्या दक्षिणेच्या फितू गावच्या लाल वाइनला ते नाव मिळालं १९४८ मध्ये, फोजेर आणि सँ शिन्याँला १९८२ मध्ये, कोर्बिएर आणि मिनर्वाला १९८५ मध्ये. दारावरच्या यादीपासून अठ्ठ्याहत्तर वर्षं. हिशोब आधी आला, नाव त्यानंतर. आपल्या परिसंवादात फक्त शेवटचं पान वाचून दाखवतात.

पण आपल्यातल्याही एका गटाशी माझं भांडण आहे. १९०७ ची गोष्ट ज्यांना माहीत आहे ते ती अर्धीच सांगतात: शेतकरी चांगला, व्यापारी चोर, सरकार आंधळं. ऐकायला गोड आहे. भेसळ खरी होती, पण एकट्या भेसळीने दर एवढा पडत नव्हता, असं नंतरच्या अभ्यासकांचं साधारण मत आहे. गाळाच्या रानातला आरामों आणि अल्जेरियाचा माल हे दोन मिळून बाजार बुडवायला पुरेसे होते. त्या लाखोंच्या सभांमध्ये कोणी उठून असं म्हणालं नाही, की मी माझ्या वेलीवरचे निम्मे घड उतरवतो. साखर बंद झाली, आरामों चालूच राहिला. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या रोजच्या वाइनने काही वर्षं तारलं. मग पुन्हा माल तुंबला. १९३१ मध्ये सरकारला कायदा करून भरमसाट उताऱ्यावर कर बसवावा लागला, मोठ्या उत्पादकांच्या नव्या लावणीला अडवावं लागलं, जादा वाइन सक्तीने गाळून अल्कोहोल करायला लावावी लागली. उताऱ्यावर कर! आपण उताऱ्याला बक्षीस देतो, ढाल देतो, फोटो लावतो.

तरीही सुधारणा झाली नाही. कारण स्वस्त वाइनला गिऱ्हाईक होतं आणि शेतकऱ्याला सवय होती. इटलीची स्वस्त वाइन येऊ लागली तेव्हा पुन्हा रस्ते अडले. ४ मार्च १९७६ ला मोंत्रदाँ इथे गोळ्या चालल्या, एक शेतकरी आणि एक पोलीस अधिकारी गेला. एकोणसत्तर वर्षांनी तोच जिल्हा, तेच भांडण. १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरच्या वर वाइन पिणारा फ्रान्स हळूहळू त्याच्या निम्म्याच्या खाली आला. पिणारा कामगारच बदलला. मग युरोपने पैसे देऊन वेली उपटायला लावल्या आणि पन्नास वर्षांत त्या भागाची द्राक्षाची जमीन जवळपास निम्मी झाली. आरामों आता शोधावा लागतो.

जे तगले ते डोंगराकडे परत गेले. जुन्या कारिन्यांच्या वेली राखल्या, सोबत ग्रेनाश, मूरवेद्र आणि सिरा लावली. सिरा म्हणजे आपल्याकडे नाशिक भागात शिराझ म्हणून लावतात तीच. ही वाइन गडद असते, तिला त्या गारिगच्या झुडपांचा वास येतो असं पिणारे म्हणतात. नावाच्या वाइनला उताऱ्याची मर्यादा हेक्टरी ५० हेक्टोलिटरच्या आसपास. म्हणजे आपल्या हिशोबाने एकरी अडीच-पावणेतीन टन. ज्या भागात आजोबा वीस टन काढत होता. मातीचा वाटा मी नाकारत नाही. थराच्या दगडात मूळ खोल जातं, मणी बारीक राहतो, साल जाड होते, हे कोणालाही पटेल. पण तोच डोंगर शंभर वर्षं ओसाड पडला होता आणि तेव्हा त्याच्या मातीने कोणालाही एक फ्रँक दिला नाही.

आणि एवढं करूनही सुखात आहेत असं समजू नका. २०२४ मध्ये फ्रान्स सरकारने पुन्हा वेली कायमच्या उपटायला हेक्टरी ४,००० युरो देऊ केले, आणि अर्ज करणाऱ्यांत लांगदोकचे पुष्कळ होते. नाव असलेल्या रानांतूनसुद्धा.

आपल्या भागात द्राक्षाचं खरं क्षेत्र किती आणि शीतगृहात बेदाणा किती, याचा आकडा दर हंगामात प्रत्येक व्यापारी वेगळा सांगतो आणि त्या आकड्यावर आपला दर ठरतो. आपण मात्र सख्ख्या भावालाही टनेज खरं सांगत नाही. चांगला माल झाला तर कमी सांगतो, नजर लागेल म्हणून. वाईट झाला तर जास्त सांगतो, इज्जत जाईल म्हणून. ग्रामपंचायतीच्या दारावर तीन रकान्यांची यादी लावायची म्हटलं तर पहिला विरोध व्यापाऱ्याचा नसेल.

तर माझ्यापासून. क्षेत्र: साडेतीन एकर, त्यातलं दोन एकर खायच्या द्राक्षाचं, दीड एकर बेदाण्याचं. गेल्या हंगामातला माल: खायचं द्राक्ष १९ टन, बेदाणा ३ टन ७०० किलो. शिल्लक: शीतगृहात बेदाणा १ टन २०० किलो, दर पटला नाही म्हणून ठेवलेला. आता तुमचं लिहा.